तार गेली, विज्ञान हरले नाही

डोंबिवली स्थानकात लोकलच्या टपावर नजर टाका. रुळावर तार एकच दिसते. विद्युतमंडल पुरे व्हायला परतीची वाट हवी. ती चाकांतून रुळांत मिळते. रस्त्यावरच्या बसला अशीच वीज द्यायची तर? रबरी टायर वीज वाहू देत नाहीत. म्हणून दोन तारा आणि टपावर दोन दांडे. हीच ट्रॉलीबस.

मुंबईत ती ११ जून १९६२ रोजी गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर सुरू झाली आणि २४ मार्च १९७१ रोजी बंद झाली. ट्राम १९६४ मध्येच गेली होती. मग बेस्टकडे मोटारबसच उरल्या. एकाच तऱ्हेच्या बसचे फायदे उघड आहेत. सुटे भाग तेच, कारागिरांचे शिक्षण तेच, आणि गाडी हव्या त्या मार्गावर धाडता येते. रस्ता खणलेला असला तर वळसाही घेता येतो. तारेला बांधलेल्या बसला ते साधत नसे.

परंतु ही सोय आगाराची झाली. तिच्यावरून तारेची बस शास्त्रदृष्ट्या कमी प्रतीची ठरत नाही. विजेची मोटार मिळालेल्या ऊर्जेपैकी सुमारे ९० टक्के कामी लावते. डिझेल इंजिन बहुधा ४० टक्क्यांच्या आतच राहते. कोळशाच्या वीजकेंद्रातही बरीच उष्णता वाया जाते, हे खरे. तरीही रस्त्यात इंजिनाचा धूर नसतो, आणि ब्रेक लावताना मोटारीचे जनित्र करून थोडी वीज परत मिळवता येते.

आता ठाण्याच्या रस्त्यांवर बॅटरीच्या बस धावू लागल्या आहेत. मी त्यांचे स्वागतच करतो. पण २०० किलोवॅट-तासांची बॅटरी दीड टनाच्या आसपास भरते. म्हणजे वीस-बावीस उतारूंचे ओझे बसने दिवसभर वाहायचे! प्राग शहराने १९७२ मध्ये ट्रॉलीबस बंद केल्या होत्या. तेथे २०१७ पासून नव्या धावू लागल्या. त्या चढावर तारेतून वीज घेतात, चालता चालता बॅटरी भरतात आणि पुढे तारेविना जातात. वळसा घेण्याची जुनी अडचणही त्यामुळे सुटते.

म्हणून माझे म्हणणे असे की, घोडबंदर रस्ता किंवा कल्याण-शीळ रस्ता यांसारख्या ठिकाणी तारेचा विचार आधीच निकालात काढू नये. तारेचा खर्च एकदाच होतो आणि तो तिच्याखालून जाणाऱ्या सर्व बसमध्ये वाटला जातो. तासाला दोनच बस असतील तर तार महाग पडेल. तीस असतील तर हिशेब पालटू शकतो. गल्लीबोळांना बॅटरीची बसच बरी.

शिक्षकांना एक विनंती. या रविवारी विद्यार्थ्यांना जवळच्या थांब्यावर तासभर बस मोजायला सांगा. तारेच्या बाजूने बोला किंवा विरुद्ध, पण आकडा हाती घेऊन बोला.