चालणारे, सायकलवाले आणि बसणारे

नेपियन सी रोडच्या प्रियदर्शिनी पार्कपासून वरळीकडे जाणाऱ्या नव्या सागरी विहारपथावर संध्याकाळच्या वेळी जी लहानसहान भांडणे होतात, त्यांचे मूळ लोकांच्या उद्धटपणात नसून दोन गतींच्या मिश्रणात आहे. रमतगमत चालणारे कुटुंब तासाला जेमतेम तीन-चार किलोमीटर पुढे सरकते, सायकलवाला सहज पंधरा गाठतो, आणि हे दोघे एकाच पट्ट्यात आले की एकाला घंटी वाजवावी लागते व दुसऱ्याला दचकून मुलाचा हात ओढावा लागतो. अशा वेळी दोघांनाही आपलीच बाजू न्यायाची वाटते. शहराच्या रस्त्यांवर पायी चालणाऱ्यांची कड घेणे ही या सदराची जुनी सवय असली, तरी या प्रसंगी सायकलवाल्याचेही म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, कारण मुंबईत त्याला निर्धास्त जाता येईल अशी जागा आजवर जवळजवळ मिळालेलीच नाही.

हा पथ मुंबई किनारी रस्त्याचा, म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूपर्यंतच्या 10.58 किलोमीटर मार्गाचा भाग आहे. त्या रस्त्यावरून वाहने मार्च 2024 पासून टप्प्याटप्प्याने धावू लागली, तर विहारपथाचा सुमारे सव्वापाच किलोमीटरचा भाग 15 ऑगस्ट 2025 रोजी चोवीस तासांसाठी खुला झाला. नियोजित लांबी साडेसात किलोमीटर आहे. रस्त्याचा बराच भाग भरावावर, म्हणजे समुद्रात दगडमाती टाकून तयार केलेल्या जमिनीवर उभा आहे, आणि ही जमीन निवासी वा व्यापारी बांधकामासाठी वापरता येणार नाही, असे बंधन सर्वोच्च न्यायालयाने घातलेले आहे. त्या बंधनामुळेच येथे इमारतींऐवजी मोकळी जागा उरली, हे विसरता कामा नये.

मुंबईतील सायकलमार्गांचा पूर्वेतिहास पाहिला तर या पथाचे मोल अधिक स्पष्ट होते. वांद्रे-कुर्ला संकुलात 2011 साली आखलेला सायकलमार्ग काही काळातच मोटारी उभ्या करण्याच्या कामी आला, आणि 2017 च्या अखेरीस नरिमन पॉइंट ते वरळी असा केवळ रविवारच्या सकाळपुरता सुरू झालेला मार्गही टिकला नाही. मोटारीला जिथे चाक टेकवता येते तिथे ती उभी राहते, आणि रंगाने आखलेली रेघ तिला अडवू शकत नाही, हा या शहराचा अनुभव आहे. नव्या विहारपथावर मोटार पोहोचूच शकत नाही. म्हणून येथे सात-आठ वर्षांचे मूल सायकल शिकू शकते, गुडघे दुखणारी आजी काठी टेकत मध्येच थांबू शकते, आणि पाठीमागून हॉर्न वाजत नाही. हे सुख साधे आहे, पण मुंबईकराला ते इतक्या सलग अंतरासाठी क्वचितच लाभले होते.

मात्र ज्या कारणाने मोटारी दूर राहिल्या, त्याच कारणाने माणसांनाही तेथे पोहोचणे अवघड झाले आहे. वस्ती आणि पाणी यांच्यामध्ये आता आठ पदरी वेगवान रस्ता आहे, आणि तो ओलांडण्यासाठी पादचारी भुयारी मार्ग, म्हणजे रस्त्याखालून काढलेल्या वाटा, हाच आधार आहे. अशा वाटेची दारे कमी असली, दिवे बंद पडले किंवा पावसाचे पाणी तुंबले, तर किनारा डोळ्यांसमोर असूनही हाती लागत नाही. मरीन ड्राइव्हवर सिग्नल लाल झाला की माणूस जमिनीवरून चालत समुद्राशी जातो. वरळी सी फेसवरही पूर्वी तसेच होते. आज तेथील जुन्या कठड्याच्या बऱ्याच भागासमोर लाटांच्या जागी वाहने दिसतात.

कठड्याचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबून त्याच्याविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण चालणारे आणि सायकलवाले यांच्या वादात किनाऱ्याचा तिसरा आणि सर्वांत जुना उपभोक्ता मागे पडतो, तो म्हणजे बसणारा. मरीन ड्राइव्हचा पाया डिसेंबर 1915 मध्ये घातला गेला, आणि समुद्राला अडवण्यासाठी बांधलेली तेथील भिंत इतकी रुंद व इतक्या बेताच्या उंचीची निघाली की तिच्यावर बसण्यासाठी कोणाला परवानगी, तिकीट किंवा खुर्ची लागली नाही. तिच्यापलीकडे टाकलेले टेट्रापॉड, म्हणजे लाटांचा जोर मोडणारे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, समुद्राशी झुंजतात आणि अलीकडे माणसे निवांत बसतात. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहणाऱ्या शहरात नवराबायकोला मोकळेपणाने बोलायला, परीक्षेत नापास झालेल्या मुलाला एकट्याने रडायला, निवृत्त माणसाला जुन्या मित्राची वाट पाहायला दुसरी जागा कोठे आहे? रस्त्याकडे पाठ आणि पाण्याकडे तोंड करून बसलेल्या त्या रांगेत कोण कोणत्या चाळीतला आणि कोण कोणत्या टॉवरमधला, हे पाठीवरून ओळखता येत नाही. मुंबईने बांधलेल्या सार्वजनिक वास्तूंत या साध्या भिंतीचे स्थान फार वरचे मानले पाहिजे.

म्हणून विहारपथाचे मूल्यमापन केवळ किलोमीटरमध्ये करणे अपुरे ठरते. खाऱ्या वाऱ्यात भरावावरची झाडे वाढून सावली धरायला वर्षे लागतील. तोपर्यंत छपराखाली टेकायची जागा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह ही चैन नसून पथाचाच भाग आहेत, कारण त्यांच्याअभावी दुपारी आणि पावसात तो केवळ धडधाकट माणसांचा उरतो. चाकाची खुर्ची वा सायकल न उचलता उतरता येईल असा सौम्य उतार प्रत्येक भुयारी मार्गाला असलाच पाहिजे.

महापालिकेने उरलेला पथ पूर्ण करताना आधी भुयारी मार्गांची दारे वाढवावीत आणि ती रात्रीही उजेडात व कोरडी ठेवावीत. वाचकांनीही एवढे करावे: चालताना सायकलीचा पट्टा सोडावा, सायकलवर असताना गर्दी दिसली की उतरून हातात धरून चालावे, आणि बसलेल्या माणसाला उठवू नये.