पाचटाचा कोळसा पुण्याचाच

मा. संपादक,

ऊर्जा-संक्रमणावरील आपल्या लेखाने संशोधन सहकार्य म्हणजे प्रगत देशांनी तंत्र द्यायचे आणि आपण घ्यायचे, असे गृहीत धरले आहे. हे चूक आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्रासाठी २००२ मध्ये ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. २००६ मध्ये छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी पुन्हा मिळाला. पाचट बंद पिंपात भरून भट्टीत तापवायचे, झालेल्या कोळशाच्या भुकटीत खळ कालवून चुलीसाठी कांड्या पाडायच्या, इतके हे कोळशाचे तंत्र सुटसुटीत. शिरूर-दौंडकडे तोड उरकली की याच पाचटाला काडी लावली जाते.

पाचट शेतातच कुजवावे, असा आक्षेप येईल. कुजवणे उत्तमच, प्रश्न जाळल्या जाणाऱ्या पाचटाचा आहे. ते हलके, रानभर पसरलेले, म्हणून गोळा करण्याची मजुरी जड जाते, हे मात्र मान्य. परदेशी संस्थांबरोबर काम हवे ते नेमके इथे: गोळा करण्याची यंत्रे, चुलीतल्या धुराचे मोजमाप. आणि संशोधनाचा विषय ठरतो त्या बैठकीत ऊसतोड मजूर व चुलीपुढे बसणारी बाई नसेल, तर त्या संक्रमणाला न्याय्य म्हणू नये. लेखातील विधान दुरुस्त करावे.

– एक वाचक, निमोणे (ता. शिरूर, जि. पुणे)