कोल्हापूर ते गोंदिया, फक्त १ तास ३२ मिनिटं!

माझ्या टीममधल्या एकीचं सासर कोल्हापूरचं, माहेर गोंदियाचं. मागे एका रात्री वडिलांना अ‍ॅडमिट केल्याचा फोन आला, आणि तिने आपण सगळेच करतो ते केलं. नेटवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. उत्तर आलं: अंतर सुमारे ८३० किमी, प्रवासाचा वेळ १ तास ३२ मिनिटं. ते वाचून तिला क्षणभर बरं वाटलं. माझा सगळा राग त्या क्षणभरावर आहे.

हा आकडा येतो कुठून? दोन गावांचे अक्षांश-रेखांश घ्या, पृथ्वीच्या गोलावरून सरळ अंतर काढा, ताशी ८०० किमीने भागा, टेकऑफ-लँडिंगची ३० मिनिटं मिळवा. झालं! कॉलेजातलं पोरगं चहाच्या आत लिहील एवढा कोड. उजळाईवाडीहून बिरसीला थेट विमान जातं का, हे त्यात कुणी विचारलेलंच नाही. (जात नाही.) बरं, छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा येतं ते एटीआर, आणि ते उडतं ताशी ५००च्या आसपास. म्हणजे भागाकारही चुकलाच.

खरी गंमत पुढेच आहे. समजा, हैदराबादमार्गे गेलो. मार्च २०२२ मध्ये गोंदियाहून विमानसेवा सुरू झाली तीच मुळी इंदूर-हैदराबादची. महाराष्ट्रातून महाराष्ट्रात जायला तेलंगणात उतरायचं, असो. पण नकाशावर मोजा, हा वळसा जेमतेम १३० किमीचा पडतो. म्हणजे अंतराची अडचण नाहीच! अडचण वेळापत्रकाची आहे. पहिलं विमान पोचायच्या आत दुसरं उडालं, किंवा त्या वारी ते नसेलच, की गेला दिवस. आपण रोज सर्व्हरचा रिस्पॉन्स टाइम मोजणारे लोक, रांगेत गेलेला वेळ कधी सोडून देतो का?

सरकारचा हिशेबही याच जातीचा. विमानतळाची फीत कापली की गाव 'जोडलं गेलं'. 'उडान'चं पहिलं विमान एप्रिल २०१७ मध्ये शिमल्याहून दिल्लीला गेलं. कॅगच्या २०२३च्या अहवालात पुढची कथा आहे: मंजूर ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी सवलतीची तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकले ५४. आता बोला!

यावर ठरलेलं उत्तर येतं की छोट्या गावात प्रवासीच नाहीत. अहो, पुढच्या महिन्यात असेल की नाही ठाऊक नाही अशा विमानाच्या भरवशावर लग्नाची, ऑपरेशनची तारीख कोण ठरवणार? लोक एसटीसाठी फाट्यावर तासभर उभे राहतात ते ती येते म्हणून. मला त्या पानावर एकच आकडा हवाय: आत्ता निघालो तर कधी पोचेन. तो देता येत नसेल तर निदान खोटा देऊ नका.

ती त्या रात्री टॅक्सीने पुण्याला गेली, सकाळच्या विमानाने नागपूर, पुढचे १३० किमी रेल्वेने. सगळ्यात लवकर पोचवणाऱ्या रस्त्यात कोल्हापूर आणि गोंदिया, दोन्ही विमानतळ नव्हतेच. वडील आता बरे आहेत. परतताना ती महाराष्ट्र एक्स्प्रेसने आली, गोंदियाला बसली ती थेट कोल्हापूरला उतरली. दिवसापेक्षा जास्त वेळ लागला, पण तेवढा लागणार हे तिकिटावरच लिहिलं होतं.