आधी कोरडं, मग ओलं!



मागच्या रविवारी आमच्या घरी मोठी फजिती झाली. तुमच्या या बाईंचीच! शाळेत रोज "हात स्वच्छ धुवा रे" म्हणून ओरडणारी मी, त्या दिवशी माझेच हात तासभर स्वच्छ होईनात.

झालं असं. आमच्या स्वयंपाकघरात सिंक आणि ओट्याची फरशी यांच्यामध्ये बारीक फट पडली होती. त्यातून पाणी झिरपून खालच्या कपाटात जायचं. डाळीच्या डब्याखाली बुरशी दिसली तेव्हा मी हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणि ती दाबायची गन आणली. म्हटलं, एवढ्याशा कामाला मिस्त्री कशाला? आपण करू की!

नळीचं तोंड मी जरा जास्तच मोठं कापलं. गन दाबली आणि भसकन पांढरा गोळा ओट्यावर! घाईघाईनं ओल्या फडक्यानं पुसायला गेले, तर तो सगळीकडे फासला गेला. सहावीतला माझा लेक मदतीला धावला. पाच मिनिटांत दारावर त्याचा पंजा, फ्रिजच्या मुठीवर माझी बोटं. मग आम्ही दोघं नळाखाली साबण लावून हात चोळत बसलो. चिकटपणा काही जाईना.

आतून आईचा आवाज आला, "आगं, हात धुवालीस का आंघोळ करालीस? ते साल विसरलीस व्हय?"

"ते साल" म्हणजे २०१६. तुमच्यातले काही जण तेव्हा जन्मलेही नव्हते. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी आली. दहा वाघिणी, त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. तिचं नाव 'जलदूत'. त्या उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी उभं राहिलेल्या माणसाला आजही वाहता नळ बघवत नाही. मी मुकाट्यानं नळ बंद केला.

तेवढ्यात शेजारचे मिस्त्रीकाका आले. आमचे हात बघून हसले. म्हणाले, "बाई, हे पाण्याला भीत नाही, कोरड्या फडक्याला भीतं. कणकेचे हात तुम्ही आधी पाण्यात घालता का?"

खरंच की! कणीक हाताला चिकटली तर आपण आधी कोरडं पीठ चोळतो, मगच हात धुतो. काकांनी जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे दिले. हात कोरडे करून चोळले, चिकटा कागदाला निघून आला. राहिलेला थोडा स्पिरिटच्या बोळ्यानं गेला. शेवटी तांब्याभर पाणी आणि साबण. झालं काम!

असं का होतं? सिलिकॉन पाण्यात विरघळतच नाही. उलट हवेतल्या ओलाव्यामुळेच ते घट्ट होत जातं. साध्या प्रकारच्या सिलिकॉनला तेव्हा व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, कारण त्यातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडतं. म्हणून खिडकी उघडी हवी. काही मिनिटांत वर साय धरते. आतपर्यंत वाळायला मात्र एखादा दिवस लागतो. तोवर त्या जागी पाणी सांडायचं नाही.

काकांनी शिकवलेली रीत वहीत लिहून घ्या :

१. फट आधी खरवडून, पुसून पूर्ण कोरडी करा. ओल्या किंवा तेलकट जागी सिलिकॉन धरत नाही.

२. फटीच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावा. शेजारी कोरडी फडकी आणि कचऱ्यासाठी एक पिशवी तयार ठेवा.

३. नळीचं तोंड तिरपं आणि लहान कापा. ब्लेडचं काम मोठ्यांचंच!

४. सिलिकॉन भरल्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट त्यावरून एकदाच फिरवा. साबणामुळे ते बोटाला चिकटत नाही. पण हे पाणी आधी फटीत जाऊ देऊ नका. त्यासाठी वाटीभर पुरतं.

५. साय धरायच्या आत पट्टी हळूच ओढून काढा. मळकी फडकी पिशवीत टाका, मोरीत नाही.

६. तो हात डोळ्याला लावू नका. गेलंच काही डोळ्यात, तर तिथं पाण्याची काटकसर करायची नाही. भरपूर स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

काम संपलं तेव्हा नळीत थोडं सिलिकॉन उरलं होतं. लेक म्हणाला, "आज्जी, तुझ्या खोलीतल्या भिंतीची भेगही बुजवू का?"

आई एकदम गंभीर झाली. तिचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी पाळण्यात होते. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसं गेली. आई म्हणाली, "भेग झाकायची नसती रं बाळा. बघायची असती."

मिस्त्रीकाकांनीही मान डोलावली. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यानंही भिंतीला भेगा पडतात. सिलिकॉन दोन वस्तूंमधल्या फटीसाठी असतं, भिंतीच्या तड्यावरचं ते औषध नव्हे. आम्ही भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख घातली. भेग खुणेच्या पुढं गेली किंवा रुंद झाली, तर इंजिनिअरला दाखवायची.

मग या आठवड्यात तुम्ही काय कराल? घरात पाणी कुठं झिरपतं ते शोधा आणि आईबाबांना दाखवा. नळ ठिबकत असेल तर त्याला सिलिकॉन नको, नवा वायसर हवा. ठिबकत्या नळाखाली दहा मिनिटं भांडं ठेवून पाणी मोजा आणि १४४ ने गुणा. दिवसभरात किती पाणी जातं ते कळेल. उत्तर मला नक्की कळवा.

आणि हो, आमच्या दारावरचा तो पांढरा पंजा अजून तसाच आहे. वाळलेलं सिलिकॉन खरवडूनच काढावं लागतं. ते काम कोणाकडे आलंय, सांगू? माझ्याचकडे!

तुमच्या बाई