ध्वज वाहणाऱ्यांचा हक्क

२०१६ साली अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन कॅपर्निक राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून बसला. कृष्णवर्णीयांवरील पोलिसी अत्याचारांचा तो निषेध होता. त्यावर उठलेला आक्षेप आजही ऐकू येतो : या ध्वजासाठी सैनिकांनी प्राण दिले, त्याच्यासमोर निषेध करणे हा त्यांच्या बलिदानाचा अपमान आहे. असे म्हणणाऱ्यांत युद्धात मुलगा गमावलेले आईबापही आहेत. म्हणून उत्तर आदराने द्यायला हवे. पण द्यायलाच हवे.

ध्वजासाठी रक्त सांडणारे होते तरी कोण? व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेला विल्यम कार्नी त्यांतला एक. अमेरिकन यादवी युद्धात, १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅग्नरवरील हल्ल्यात ध्वजवाहक पडला, तेव्हा कृष्णवर्णीय शिपायांच्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीतल्या कार्नीने ध्वज उचलला आणि अंगावर गोळ्या झेलत तो परत आणला. त्याला शौर्यपदक मिळाले १९०० साली! त्याच पलटणीची दुसरी लढाई फार थोड्यांना माहीत असते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. यांना १०, आणि त्यातूनही ३ कपड्यांसाठी कापलेले. या शिपायांनी तो पगार घेतलाच नाही. घरी बायकामुलांची उपासमार होत असतानाही ते बिनपगारी लढत राहिले. अखेर १८६४मध्ये अमेरिकन काँग्रेसला समान वेतनाचा कायदा करावा लागला. ज्या सरकारचा ध्वज ते वाहत होते, त्याच सरकारशी ते भांडतही होते. यातले देशप्रेम कोणते आणि अपमान कोणता, हे आक्षेपकांनीच सांगावे.

दुसरे म्हणणे असे, की रणांगणावर मरणाला रंग नसतो. मरणाला नसेल, मोबदल्याला होता. दुसऱ्या महायुद्धातील शौर्याबद्दलचे सर्वोच्च पदक त्या काळात एकाही कृष्णवर्णीयाला मिळाले नाही. १९९७ साली सात जणांना ते दिले गेले, तेव्हा त्यांतला एकटा व्हर्नन बेकर हयात होता. युद्धावरून परतलेल्यांना घर, शेती, धंद्यासाठी सरकारी हमीची कर्जे मिळाली. १९४७मध्ये मिसिसिपीत अशी ३,२००हून अधिक कर्जे दिली गेली, त्यांतली कृष्णवर्णीयांना फक्त दोन. एखाद्या गोऱ्या खाणकामगाराच्या मुलाचे मरण कमी मोलाचे, असे कोणी म्हणत नाही. पण तो जिवंत परतला असता, तर कातडीच्या रंगापायी त्याचा अर्ज फेटाळला गेला नसता.

आयझॅक वुडार्डही जिवंत परतला होता. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी, सैन्यातून मोकळा झाल्याला काही तासच उलटले असताना, अंगावर गणवेश असलेल्या या कृष्णवर्णीय सार्जंटला साउथ कॅरोलायनात पोलिसांनी असे मारले, की त्याचे दोन्ही डोळे गेले. फक्त गोऱ्यांच्या ज्यूरीने आरोपी पोलीसप्रमुखाला निर्दोष सोडले. बलिदानाचा अपमान म्हणायचा तर तो याला म्हणावा.

मग त्या राष्ट्राचे आदर्श खोटेच का? मी तसे मानत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. समता सांगणारा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६चाच होता. तो लिहिणारा जेफरसन स्वतः गुलाम बाळगत असे. त्यातली अक्षरे थोडीफार खरी झाली ती तक्रार करणाऱ्यांमुळे. वुडार्डची हकीकत ऐकून अध्यक्ष ट्रूमन हादरले, आणि २६ जुलै १९४८ रोजी सैन्यात समान वागणुकीचा आदेश निघाला.

ज्या सैनिकांचे नाव घेऊन इतरांना गप्प बसवले जाते, ते स्वतः गप्प बसले नव्हते. त्यांच्या नावाने कोणाचेही तोंड बंद करू नका.