निवृत्तीची पुंजी आणि दानाचे गणित

अमेरिकेतील चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेत दानपात्र फिरविण्याची प्रथा जुनीच आहे. परंतु अनेक ज्येष्ठ भाविकांचे दान आता त्या पात्रात पडत नाही. ते त्यांच्या निवृत्ती खात्यातून परस्पर चर्चच्या नावे जमा होते. या बदलामागे श्रद्धेइतकाच करकायदाही आहे, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

१९७४ च्या कायद्याने अमेरिकेत वैयक्तिक निवृत्ती खाते, म्हणजेच 'आयआरए', अस्तित्वात आले. कमावत्या वयात या खात्यात भरलेल्या रकमेवर सर्वसाधारणपणे करसवलत मिळते. कर द्यावा लागतो तो पैसे काढताना. मात्र हा कर कायमचा लांबविता येत नाही. ठरावीक वयानंतर दरवर्षी किमान रक्कम काढावीच लागते. हे वय पूर्वी साडेसत्तर होते. ते २०२० मध्ये ७२ आणि २०२३ मध्ये ७३ झाले. २०३३ पासून ते ७५ होईल.

या सक्तीतून दानाची वाट निघाली ती २००६ मध्ये. साडेसत्तर वर्षे पूर्ण केलेल्या खातेदाराने खात्यातील रक्कम थेट चर्चला वा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेला दिली, तर ती त्याच्या करपात्र उत्पन्नात धरली जात नाही. २०१५ मध्ये ही तरतूद कायम झाली. प्रारंभी वार्षिक मर्यादा एक लाख डॉलर होती. २०२४ पासून ती महागाईशी जोडली गेली आणि २०२५ साठी १ लाख ८ हजार डॉलर ठरली.

उदाहरणच घ्यावयाचे तर, ७३ वर्षांच्या व्यक्तीच्या खात्यात ५ लाख ३० हजार डॉलर असतील, तर तिला त्या वर्षी किमान २० हजार डॉलर काढावे लागतात. त्यांतील पाच हजार परस्पर चर्चला दिल्यास कर उरलेल्या पंधरा हजारांवरच लागतो. हेच पैसे आधी स्वतःच्या हाती घेऊन मग दिले, तर हा लाभ मिळत नाही.

या वाटेचे महत्त्व २०१८ पासून वाढले. २०१७ च्या करसुधारणेने प्रमाणित वजावट जवळपास दुप्पट केली आणि स्वतंत्र वजावटी घेणाऱ्या करदात्यांचे प्रमाण दहांत तिघांवरून दहांत एकापर्यंत घसरले. साहजिकच सामान्य दात्याच्या पदरी सवलत पडेनाशी झाली. २०२६ पासून अशा करदात्याला वर्षाला एक हजार डॉलरपर्यंत, तर पती-पत्नींना एकत्रित दोन हजारांपर्यंत, वजावट मिळते. ज्येष्ठ खातेदाराच्या सवलतीपुढे ती किरकोळच. शिवाय ज्याच्यापाशी असे खातेच नाही, त्या वृद्धाचा विचार या तरतुदीत नाही. तुटपुंज्या पेन्शनमधून दशांश देणाऱ्याचे दान श्रेष्ठ म्हणावे, पण त्याचा भार सरकार उचलत नाही. संपन्नाच्या दानाचा मात्र काही भाग उचलते.

१९६५ नंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी मंडळींची पहिली पिढी आज याच वयोगटात आहे. तेथील पात्र देवळांना आणि संस्थांना तिला या मार्गाने देता येते. गावाकडच्या शाळेला किंवा रुग्णालयाला मात्र थेट देता येत नाही, कारण घेणारी संस्था अमेरिकेच्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त असावी लागते. भारतात तर नव्या करप्रणालीत सामान्य देणग्यांवर वजावटच मिळत नाही.

तथापि खरा प्रश्न कराच्या पलीकडचा आहे. निवृत्तीची पुंजी किती वर्षे पुरवावी लागेल, हे कोणालाच ठाऊक नसते. अमेरिकेत वृद्धांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना दीर्घकाळच्या शुश्रूषागृहाचा खर्च उचलत नाही, आणि एकदा दिलेले दान माघारी मागता येत नाही. ही सवलत जमेस धरते ती सक्तीने काढावी लागणारी, पण गरजेपलीकडची रक्कम. ज्याला उदरनिर्वाहासाठी ती सारीच लागते, त्याने केवळ कर वाचतो म्हणून हात सैल सोडणे हिताचे नाही. कर वाचला तरी दिलेली रक्कम खात्यातून जातेच. म्हणून आपल्याला पुरेसे किती, याचा हिशेब आधी मांडावा आणि मगच द्यावे. असे दान देणाऱ्याला जड होत नाही, आणि पुढे त्याच्या मुलाबाळांवरही त्याचे ओझे पडत नाही.