मान्यतेविना दूतावास

काबूल १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानच्या हाती गेले. दिल्लीतील अफगाण दूतावासावर मात्र पदच्युत प्रजासत्ताकाचाच झेंडा फडकत राहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये जुन्या मुत्सद्द्यांनी दूतावास कायमचा बंद केल्याचे जाहीर केले. वर्षभराने मुंबईच्या वाणिज्य दूतावासात तालिबानने आपला माणूस नेमला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताने काबूलमधील आपल्या तांत्रिक पथकाला दूतावासाचा दर्जा दिला. त्याच जुलैत रशियाने दिली तशी औपचारिक मान्यता मात्र दिली नाही. सरकार बदलले तरी राज्य तेच राहते, हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे तत्त्व एवढ्या कसरतीला पुरते. १९९६ नंतर काबूल गमावलेल्या रब्बानींनाच भारत मानत राहिला होता. तो हट्ट या वेळी परवडणारा नव्हता. पंचाईत झाली ती दिल्लीतील अफगाण निर्वासिताची. ज्यांच्या भयाने देश सोडला, त्यांचाच शिक्का पारपत्रावर घ्यायचा का?